खांड्याशी लागलेलं लग्न

पुरणपोळीला नको म्हणणारा शिपाई मी तोवर पाहिला नव्हता. त्या दुपारी एका पंगतीत अकरा पाहिले.

निंबगडच्या देसायांच्या मुदपाकखान्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. वराकडची मंडळी सकाळीच वेशीवर येऊन पोचली होती. सीमांतपूजन झालं होतं आणि गढीच्या चौकात साठ पानं मांडली होती. वाढप्यांच्या मागून मी तुपाची चरवी घेऊन चालले होते. तूप मी कधी दुसऱ्याला वाढू दिलं नाही. भात वाढताना माणूस पानाकडे बघतो, पण तूप वाढताना तो वर बघतो, अजून एक धार मिळते का म्हणून. तेवढ्यात तो वाचून होतो. हावरा कोण, भित्रा कोण, बायकोला घाबरणारा कोण, सगळं कळतं.

"पोळी नको, मावशी," भैरोजी म्हणाला. हा नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ, वऱ्हाडाचा म्होरक्या. "पित्त झालंय."

"बरं, भात घ्या," म्हणून मी पुढे सरकले.

"मलाही पोळी नको," शेजारचा म्हणाला.

"तुम्हालाही पित्तच?"

"हो."

"अन् तुम्हालाही? भाऊबंदांत जमिनीची वाटणी ऐकली होती हो. पित्ताची पहिल्यांदाच ऐकते."

आसपासचे शिपाई हसले. भाऊबंद हसले नाहीत. मी पंगतीच्या टोकापर्यंत गेले आणि मागे वळून पुन्हा पाहिलं. पोळी न घेतलेली पानं अकरा. अकराही माणसं वाघदऱ्याच्या नाईकांच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्याच, भावकीतली. परक्या आडनावाचे शिपाई पाच पाच, सहा सहा पोळ्या रेटत होते. एकाला तर मी आठव्या पोळीनंतर नमस्कार केला.

मग माझं लक्ष कपाळांकडे गेलं. सकाळी वेशीवर गंधाचं ताट मीच धरलं होतं. साठही कपाळांना गंध लागलेलं मी पाहिलं होतं. जेवणाआधी सगळ्यांनीच विहिरीवर तोंडं धुतली. बाकीच्यांचं गंध फिसकटलं, पण राहिलं. या अकरांची कपाळं मात्र घासून घासून लाल झालेली.

चरवी माझ्या हातात जड झाली.

गंध नाही, गोड नाही. भावकीत कुणी गेलं की दहा दिवस हेच पाळतात. या लोकांना सुतक होतं. आणि सुतकात लग्न लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारी आजी गेली असती, तर त्यांनी सरळ निरोप पाठवून लग्न दहा दिवस पुढे ढकललं असतं. लपवावं असं मरण एकच. ज्याच्या मरणानं लग्नच राहणार नाही, त्याचं.

आता नवरा मुलगा वऱ्हाडात नव्हता, हे सांगायला हवं. ते धामधुमीचं साल होतं. पातशहा आणि त्याचा सख्खा भाऊ तख्तासाठी झुंजत होते, आणि जो तो सरदार कुणाच्या तरी बाजूनं कुठं तरी गेलेला. वाघदऱ्याचे धाकटे नाईक रायाजी दक्षिणेत मोहिमेवर आहेत, असं त्यांच्या चुलत्यानं, धाररावानं, कळवलं होतं. म्हणून त्यांच्या जागी त्यांचा खांडा आला होता. तशी चालच आहे सरदारांच्या घरांत. नवरा रणात असला तर त्याच्या तलवारीला मुंडावळ्या बांधायच्या, तिला पाटावर उभी धरायची आणि मुलीचं लग्न तिच्याशी लावायचं.

मी चरवी तिथल्या तिथे ठेवली आणि आत गेले.

कमळजा हळद लावून बसली होती. देसायांची एकुलती एक लेक. वय एकोणीस. त्या काळच्या मानानं घोडनवरीच. पण पाच वर्षं लढायांत गेली, लग्न काढायला कुणाला सवड होती? मी तिच्याजवळच्या पोरींना पानं आणायला पिटाळलं आणि तिला सगळं सांगितलं.

"अकरा?" तिनं विचारलं.

"अकरा. भैरोजी धरून."

"मोजण्यात चूक?"

"माझ्या?"

ती हसली. मग हसू तिच्या ओठांवरच विझलं. "म्हणजे गेले ते," ती म्हणाली. "मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, मावशी."

"बरं झालं. मी आत्ता धन्यांना सांगते. लग्न मोडू."

"आबांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात. गढीत शिबंदी चाळीस. खाली ओढ्याकाठी तीनशे घोडी बांधलीत. लग्नाला तीनशे घोडी कशाला, हे सकाळीच तू विचारलं होतंस ना?"

विचारलं होतं. उत्तर आत्ता मिळालं.

"त्यांना मी नको, घाट हवाय," ती म्हणाली. कातळघाट. खालच्या बंदरातून वर यायची एकच वाट, आणि देसायांनी ती लेकीला आंदण म्हणून लिहून दिली होती. "नाही म्हटलं तर उद्या गढी जाळून घेतील. हो म्हटलं तर?"

"हो म्हटलं तर लग्न लागेल. मग चार दिवसांनी बातमी येईल, नवरा पडला म्हणून. मग..."

"मग मी सती जायचं. आंदण सासरी राहायचं. आणि घाट कुणाचा म्हणून विचारायला मी नसायचं." भाजीचा बेत सांगावा तसं तिनं सांगितलं.

"मागच्या दिंडीदरवाजानं निघ, पोरी. मी येते संगं."

"आणि आबा?"

ती हातावरची हळद बोटानं खरवडत बसली. मग एकदम म्हणाली, "मावशी, तुझं कुंकू कुणाच्या नावाचं गं?"

"हे काय आत्ता? माझ्या नवऱ्याच्या."

"तो तर पातशाही फौजेत गेला. किती वर्षं झाली?"

"बारा. मेल्याचं कुणी आणून दाखवलं नाही, तोवर आहेच तो. आणि खरं सांगू? इतकी वर्षं आमचं एक भांडण नाही."

ती हसली नाही. माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लग्न होईल. तू कुणाला काही बोलू नकोस. आणि माझी पाठराखीण म्हणून तूच ये."

म्हाताऱ्या बापासाठी पोरगी मरायला निघाली, असं मी समजले. माझा तिच्याविषयीचा अंदाज आयुष्यात तेवढा एकदाच चुकला.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त. पाटावर भैरोजीनं खांडा उभा धरला होता. सरळ, रुंद पातं, म्यानावर मुंडावळ्या, मुठीला गुंडाळलेलं लाल कापड तळहातानं झिजून काळं पडलेलं. भटजींनी अंतरपाट धरला. ते मंगलाष्टकं सुरू करणार, तेवढ्यात पलीकडून नवरीचा आवाज आला.

"भाऊजी, समोर कोण उभं आहे?"

भैरोजी गडबडला. नवरी बोलते, हेच त्याला नवीन. "वहिनीसाहेब, नाईकांचा खांडा आहे."

"खांडा काय, आमच्याही घरी आहेत. नवरदेव कुठं आहे ते विचारते."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भैरोजीही हसला. "हाच नवरदेव."

"मोठ्यानं सांगा. आमच्या आबांना ऐकू येत नाही."

"हाच नवरदेव!"

"गोताच्या साक्षीनं?"

"गोताच्या साक्षीनं सांगतो, हाच तुमचा नवरा! आता तरी माळ घालाल का?" सगळा मांडव हसला. देसाई लोडाला टेकून होते, तेही हसले. मीच तेवढी हसले नाही. मला वाटलं, जाता जाता पोरगी थट्टा करून घेतेय.

माळ पडली. सात पावलं ती खांड्याबरोबर चालली. निघायच्या वेळी भैरोजी खांडा आपल्या घोड्याला बांधायला लागला, तर तिनं मेण्यातून हात बाहेर काढला. "भाऊजी, नवरा बायकोजवळ असतो." त्यानं हसतच तो तिच्या हातात दिला. त्याला काय, लोखंडच ते.

चार दिवसांची वाट. ओढ्याकाठची घोडी एक मजल मागून येत होती, मेण्याबरोबर मी चालत होते. आत ती खांडा मांडीवर घेऊन बसलेली असायची. रडली नाही. जेवली मात्र नीट. मी मनात म्हटलं, मरायला निघालेलं माणूस दोन भाकऱ्या खाईल, पण तिसरी मागून घेणार नाही. तिनं घेतली, तरी मला अर्थ लागला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वाघदऱ्याची वेस दिसली आणि मेणा थांबला. वेशीत धारराव उभे होते. डोक्याला पागोटं नाही, केस मोकळे, डोळे लाल. बाजूला काळ्या लुगड्यांतल्या चार बायका. मागे नाईकांची जुनी पागा, दोनशे तरी स्वार, पुढे म्हातारे सरनोबत येल्होजी. ही रायाजींच्या वडिलांनी, थोरल्या नाईकांनी, जमवलेली माणसं. मोहिमेत धाकटे धनी पडले, असं त्यांनाही त्याच सकाळी सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. उजव्या हाताला नदी. नदीकाठी लाकडं.

मी लाकडं पाहिली. नीट रचलेली, खडखडीत वाळलेली. एका दिवसात एवढी वाळकी लाकडं कुणाच्या रानात तोडून होतात?

"सूनबाई," धाररावांनी हंबरडा फोडला, "घात झाला गं! लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आपला रायाजी पडला!"

दक्षिणेतून तीन दिवसांत बातमी. घोडं भलतंच चपळ म्हणायचं.

काळ्या लुगड्यांतल्या बायका पुढे झाल्या. एकीच्या हातात बांगड्या फोडायला दगड होता. कमळजा मेण्यातून उतरली. खांडा तिच्या हातात होता.

"थांबा," ती म्हणाली. "कोण पडलं?"

"तुझा नवरा, बाळ."

"माझा नवरा?"

तिनं म्यान ओढून काढलं आणि माझ्याकडे टाकलं. खांडा जड होता. एका हातानं तिला तो पेलेना, म्हणून तिनं दोन्ही हातांनी उभा धरला. उन्हानं पातं असं पेटलं की पुढची घोडी बिचकली.

"हा माझा नवरा. गोताच्या साक्षीनं याच्या गळ्यात मी माळ घातली, याच्याबरोबर सात पावलं चालले. पातं सरळ आहे. धारेला एक टवका नाही. मामंजी, माझ्या नवऱ्याला कुठं काय झालंय?"

त्या दुपारी हळद खरवडत ती काय जुळवत होती, ते मला आत्ता कळत होतं. पाच दिवस मी तिला मेलेल्यांत धरून चालले होते, आणि ती मेण्यात बसून या एका वाक्याकडे येत होती.

"दुःखानं पोरीचं डोकं फिरलं," धारराव म्हणाले. "बायांनो, आवरा तिला."

"भैरोजीभाऊजी," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "अंतरपाटापाशी तुम्ही काय म्हणाला होतात?"

भैरोजी घोड्याच्या मानेकडे बघत राहिला.

"तीन वेळा म्हणालात. आता एकदा म्हणा."

"हाच... हाच नवरदेव, म्हणालो होतो."

"अरे, खांडा नवऱ्याच्या वतीनं असतो! रीत आहे ती!" धारराव ओरडले.

शास्त्रीबुवांना विचारलं असतं, तर त्यांनी धाररावांच्याच बाजूनं कौल दिला असता, यात मला शंका नाही. पण तिथं शास्त्रीबुवा नव्हते. तिथं दोनशे स्वार होते, आणि ते ऐकत होते.

तिनं खांडा खाली टेकवला, पुढे गेली आणि चुलतसासऱ्यांच्या पाया पडायला वाकली. पदर सावरायला म्हणून मी मागे होते, म्हणून मला ऐकू आलं. वाकल्या वाकल्या ती हळू आवाजात बोलत होती.

"मामंजी, निंबगडच्या पंगतीत तुमच्या अकरा भाऊबंदांनी गोड सोडलं होतं. माझ्या मावशीनं मोजलंय. लग्नानंतर पडलेल्या माणसाचं सुतक त्यांनी लग्नाआधी कसं धरलं, ते येल्होजींना मी सांगू की तुम्ही सांगता? ते आधीच गेले असतील, तर सुतकातलं लग्न लग्नच नव्हे. मी कुमारिका, मी आणि घाट दोघं परत माहेरी. नंतर गेले असतील, तर लग्न खांड्याशी आणि खांडा शाबूत. तुम्हाला यातलं कुठलं हवं, ते आशीर्वादात सांगा."

धाररावांचा हात तिच्या डोक्याच्या वर वीतभर थांबला. खालीही येईना, मागेही जाईना. अंगणातल्या सापाला पाय लागल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसे ते उभे होते. ओठ हलले. आशीर्वाद आला नाही, पण "आवरा तिला"ही पुन्हा आलं नाही.

आता सगळं येल्होजींवर होतं. ते त्यांनाही कळलं असावं. ते घोड्यावरून उतरले. वय झालेलं, गुडघे धरून हळूहळू चालत आले. नदीकाठच्या लाकडांकडे त्यांनी एकदा पाहिलं, बराच वेळ. मग धाररावांकडे. मग खांड्यापुढे येऊन थांबले.

"हा थोरल्या नाईकांचा," ते म्हणाले. "वीस वर्षं त्यांच्या कमरेला पाहिला. मग धाकट्यांच्या."

आणि त्या म्हाताऱ्यानं तीन वेळा वाकून मुजरा केला. धाररावांना नाही, सूनबाईंनाही नाही. खांड्याला.

"नाईक," तो खांड्याला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, "फार वाट पाहायला लावलीत. आत चला."

मागे दोनशे स्वार एका वेळी घोड्यांवरून उतरले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तीस वर्षांत मी राजे पाहिले, वजीर पाहिले, एक पातशहासुद्धा पडद्याआडून पाहिला. पण लोखंडाच्या एका तुकड्याला एका पोरीनं धनी करून दाखवलं, तसं काही पुन्हा पाहिलं नाही.

वाड्याच्या उंबरठ्यावर माप नव्हतं. जिला जाळायची, तिच्यासाठी माप भरून कोण ठेवतं? येल्होजींनी आपला लोखंडी टोप काढला, घोड्याच्या तोबऱ्यातले हरभरे त्यात ओतले आणि उंबरठ्यावर ठेवला. कमळजानं तो पायानं लवंडला. हरभरे खणखणत चौकभर गेले. तशी ती घरात आली, खांद्यावर खांडा घेऊन.

मागाहून सगळं बाहेर पडलं. रायाजी मोहिमेवर गेलेच नव्हते. चुलत्यानं त्यांना घरातच, भरल्या ताटावर, विषानं मारलं होतं. त्या अकरांना ते ठाऊक होतं, आणि मला आजही त्यांचं नवल वाटतं. भावकीतल्या पोराचा जीव त्यांनी पचवला. सुतकातली पुरणपोळी मात्र त्यांना पचेना. धारराव पंधरा दिवसांच्या आत पातशाही छावणीत निघून गेले आणि परत आले नाहीत. भैरोजी राहिला. तिनं त्याला घाटाच्या चौकीवर ठेवला, जिथून रोज निंबगडची वेस दिसते.

गादीवर खांडा असायचा, शेजारी ती. पंचवीस वर्षं असा कारभार चालला. कागदावर शिक्का नाईकांचा, कपाळावर मळवट भरलेला, आणि तिला विधवा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. तिन्हीसांजेला तिला तिच्या दालनात नेलं. खांडा पाटावर ठेवला. तिच्या दोन्ही हातांना फोड आले होते. मी तेल लावायला बसले, तर तिनं हात मागे घेतले.

"आधी येल्होजीकाकांना बोलव."

मला वाटलं, पहाऱ्याचं काही असेल. चौक्या बदलायच्या असतील. येल्होजी आले, दाराशी उभे राहिले. ती खाली बघत होती. दोनशे माणसांपुढे न अडखळलेली पोरगी आता शब्द शोधत होती.

"काका," ती म्हणाली, "ते उंचीनं केवढे होते?"

येल्होजींना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी उजवा हात वर नेला, आपल्या पागोट्याच्याही वर चार बोटं, आणि तिथं हवेत आडवा धरला.

"एवढे. या दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं त्यांचं. रोज आपटायचं आणि रोज सुताराच्या नावानं खडे फोडायचे. आम्ही म्हणायचो, नाईक, वाकून या. तर म्हणायचे, स्वतःच्या घरात काय वाकायचं."

ती त्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. म्हाताऱ्याचा हात भरून आला असेल, पण त्यानं तो खाली घेतला नाही.

मग ती उठून उभी राहिली, आणि डोक्यावरचा पदर हळूच पुढे ओढून घेतला.